शिंदे घाटाचा दगड आणि विंध्याचे ऋण

काशीयात्रेला जाणाऱ्या मराठी माणसाची वाट बहुधा ठरलेली असते. विश्वनाथ, अन्नपूर्णा, दशाश्वमेध, मणिकर्णिका, आणि वेळ उरलाच तर नावेतून शिंदे घाट. नावाडी 'सिंधिया घाट' म्हणतो आणि पायथ्याशी पाण्यात कललेल्या रत्नेश्वराच्या देवळाकडे बोट दाखवितो. यात्रेकरू छायाचित्र घेतो, 'हा आपल्या शिंद्यांचा घाट' असे मुलांना सांगतो, आणि नाव पुढे सरकते. नोकरीनिमित्त आयुष्याचा मोठा भाग महाराष्ट्राबाहेर काढलेल्या माझ्यासारख्यांना हे 'आपले' म्हणणे विशेष प्रिय असते. परप्रांतात आपल्या माणसाने उभारलेली वास्तू दिसली की तेथे आपलेही काही आहे, असा दिलासा मिळतो. हा दिलासा खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. घाट कोणी बांधला, हे आपण विचारतो. तो कशाचा बांधला आणि ते साहित्य जेथून आले त्या मुलखाचे पुढे काय झाले, हे आपण विचारीत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा विचार आहे.

प्रथम घाटाविषयी. मणिकर्णिकेला लागूनच उत्तरेस असलेला हा घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविला. बायजाबाई मूळच्या कागलच्या घाटगे घराण्यातील. सर्जेराव घाटगे यांची ही कन्या दौलतराव शिंदे यांना दिली गेली. १८२७ साली दौलतराव निवर्तले आणि पुढील सहा वर्षे ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंनी चालविला. घोडा आणि तलवार या दोहोंत निष्णात असलेली ही स्त्री हिशेबातही तितकीच पक्की होती. सावकारी पेढ्यांतील तिचे व्यवहार पाहता तिला आपल्या इतिहासातील एक मोठी अर्थव्यवहारकुशल राज्यकर्ती म्हणावयास हरकत नाही. काशीत ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा स्तंभमंडप तिनेच १८२८ मध्ये उभारला. १८३३ साली दत्तकपुत्र जनकोजीराव यांच्याशी झालेल्या संघर्षात तिला ग्वाल्हेर सोडावे लागले. पुढे ती परतली आणि १८६३ मध्ये तेथेच तिचे देहावसान झाले. मराठी वाचकाला तिची दुसरी एक ओळख आहे. मथुरेस बायजाबाई मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता ऐकूनच वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि त्यातून 'माझा प्रवास' हे अपूर्व पुस्तक आपल्याला लाभले.

बायजाबाईंचा संकल्प मात्र गंगेने जसाच्या तसा राहू दिला नाही. घाटाची बांधणी इतकी अवजड होती की तिच्या स्वतःच्या भाराने ती खचली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे आणि नगराच्या बाजूचा काठ हा वळणाचा बाहेरचा, म्हणजे प्रवाहाचा मारा सोसणारा काठ आहे. पावसाळ्यात येथील पाणी उन्हाळ्याच्या पातळीपेक्षा कित्येक मीटर वर चढते. काशीतील पुराची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली आहे, आणि १९७८ च्या सप्टेंबरात गंगा ७३.९०१ मीटरपर्यंत पोहोचली होती. पाणी ओसरताना काठाच्या मातीत मुरलेले पाणी बाहेर पडते, माती सैल होते आणि वरचा दगड आपला भार घेऊन खाली बसतो. घाटाची पुढे डागडुजी झाली. रत्नेश्वराचे देऊळ मात्र कललेलेच राहिले आणि वर्षाचे बरेच महिने त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. लोक त्याला 'मातृऋण महादेव' असेही म्हणतात. आईचे ऋण फेडले अशी बांधणाऱ्याने बढाई मारली आणि त्याच क्षणी देऊळ कलले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेच्या खरेपणाशी आपल्याला कर्तव्य नाही. ऋणाची जाणीव मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

काशीच्या घाटांचा बहुतेक दगड चुनारचा. काशीच्या नैर्ऋत्येस सुमारे चाळीस किलोमीटरवर विंध्याचा एक फाटा थेट गंगेत उतरतो. त्याच खडकावर चुनारचा किल्ला उभा आहे. तेथील पिवळसर, बारीक कणांचा वालुकाश्म घडवावयास सोपा आणि टिकावयास चिवट. अशोकाचे स्तंभ आणि सारनाथचे सिंहशीर्ष, म्हणजे आज आपल्या प्रत्येक सरकारी कागदाच्या माथ्यावर असणारी राजमुद्रा, ही याच दगडातून घडली असे विद्वान मानतात. डोंगराच्या पायाशीच नदी असल्याने वाहतुकीचा प्रश्न आपोआप सुटत असे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर काशीच्या वैभवाचे एक रहस्य म्हणजे हा स्वस्त जलमार्ग होय. नागपूरकर भोसले असोत, अहिल्याबाई असोत वा बायजाबाई असोत, मराठी दानाला आकार मिळाला तो विंध्याच्या दगडात.

शासनाच्या नजरेतून हा दगड सुटणे शक्यच नव्हते. १८८६ साली 'मिर्झापूर स्टोन महाल ॲक्ट' या नावाचा स्वतंत्र कायदा झाला. 'महाल' हा महसुली शब्द आहे. ज्यावर सारा बसतो ते एकक म्हणजे महाल. गावाचा महाल असतो तसा येथे दगडाचाच महाल कल्पिला गेला आणि खाणीवरील सरकारचा हक्क व दगडावरील आकारणी यांची नियमावली ठरली. एका जिल्ह्यातील दगडासाठी स्वतंत्र कायदा व्हावा, यावरूनच त्या उत्पन्नाचे महत्त्व कळते. ज्या डोंगरातून हा दगड निघे त्याच्या पाठीमागे मैलोगणती अरण्य होते आणि त्या अरण्यात माणसे राहत होती. त्यांच्या हक्कांची नोंद मात्र दगडाच्या नोंदीइतक्या तत्परतेने झाली नाही. या लेखाचा खरा विषय तो आहे.

काशी आणि विंध्य यांचे नाते पुराणकारांनाही ठाऊक होते. विंध्य गर्वाने वाढू लागला, सूर्याची वाट अडली, तेव्हा देवांनी काशीत राहणाऱ्या अगस्ती ऋषींना साकडे घातले. अगस्ती दक्षिणेस निघाले, विंध्य नमस्कारासाठी वाकला आणि 'मी परत येईपर्यंत असाच राहा' असे सांगून ऋषी गेले ते परतलेच नाहीत. आपल्याकडे प्रवरेकाठी अकोल्यास अगस्तींचे स्थान दाखवितात ते या कथेच्या दुसऱ्या टोकाला. खुद्द काशीचे एक नाव आनंदवन. समर्थांच्या 'आनंदवनभुवनी' या रचनेमुळे ते नाव मराठी मनात रुजले आहे. नगरी वाढली आणि वन नावापुरते उरले. वन पाहावयाचे तर आज दक्षिणेला, विंध्याकडे जावे लागते.

काही वर्षांपूर्वी शासकीय कामासाठी त्या बाजूस जाण्याचा योग आला. काशीहून निघालेला रस्ता अहरौऱ्यापाशी सपाट मैदान सोडून पठार चढू लागतो. अशोकाचा एक लघुशिलालेख १९६१ साली उजेडात आला, तो याच अहरौऱ्याला. पुढे रॉबर्ट्सगंज, म्हणजे सोनभद्र जिल्ह्याचे मुख्यालय. काशीपासून येथवर सुमारे नव्वद किलोमीटर. तेथून थोडे पुढे गेले की मारकुंडीचा घाट लागतो आणि पठार एकाएकी संपते. रस्त्याच्या कडेला डोंगराचा कडा आहे, तेथे प्रवासी थांबतात. खाली शोणेचे खोरे, आणि त्यापलीकडे एकामागे एक अशा डोंगरांच्या ओळी दृष्टी पोहोचेल तेथवर गेलेल्या. ही कैमूरची रांग. जबलपूरच्या बाजूला सुरू होऊन बिहारमधील सासाराम-रोहतासपर्यंत ती सुमारे ४८० किलोमीटर पसरली आहे. सह्याद्री पाहिलेल्या डोळ्याला तिची उंची मोठी वाटणार नाही. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर पोटात खड्डा पडतो तसे येथे होत नाही. येथे मन दडपते ते विस्ताराने. साल, सलई, धावडा, खैर, तेंदू, मोह यांचे रान उन्हात हिरवे, मग निळे, मग धुरकट होत क्षितिजात विरते. पंडित नेहरूंनी या प्रदेशाला भारताचे स्वित्झर्लंड म्हटले होते, असे तेथे प्रत्येक जण सांगतो.

कड्याजवळ एक वृद्ध गृहस्थ बसले होते, जातीने कोल. मी सहज विचारले की समोर काय काय दिसते. त्यांनी स्वित्झर्लंडचे नाव घेतले नाही. कोणत्या उतारावर मोह लवकर गळतो, तेंदूपाने तोडावयास बायका कोठवर जातात, कोणता ओढा वैशाखातही आटत नाही, आणि कोणत्या टेकडीवर त्यांच्या आजोबांच्या गावचे देवस्थान आहे, असे त्यांनी बोटाने दाखवीत सांगितले. मला जे दृश्य होते ते त्यांना दप्तर होते. मी त्या रांगेकडे पाहत होतो. ते ती वाचीत होते. परतीच्या वाटेवर माझ्या मनात हाच विचार घोळत राहिला की शासनाच्या दप्तरात यातले काय उतरले आहे?

या अरण्याकडे बाहेरच्यांनी नाना नजरांनी पाहिले. देवकीनंदन खत्री यांनी काशीनरेशांकडून चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. त्या भटकंतीतील किल्ले, गुहा आणि अवशेष यांतून १८८८ साली 'चंद्रकांता' ही कादंबरी जन्मली. दूरदर्शनवरील मालिकेमुळे तिचे नौगढ-विजयगढ आपल्याही घरोघरी पोहोचले. म्हणजे हिंदी कादंबरीच्या एका लोकप्रिय युगाचे मूळ जंगलाच्या ठेक्यात आहे. १९५७ साली याच पट्ट्यातील चंद्रप्रभा अभयारण्यात गीरचे तीन सिंह आणून सोडले. १९६५ पर्यंत त्यांची संख्या अकरावर गेली आणि मग काही वर्षांतच ते नाहीसे झाले. ठेकेदार, लेखक, वनाधिकारी, प्रत्येकाला हे अरण्य रिकामे वाटले. रिकाम्या जागी काहीही कल्पिता येते आणि काहीही आणून सोडता येते. परंतु ते रिकामे कधीच नव्हते.

आता प्रशासकीय इतिहास पाहू. बनारस प्रांताची कायमधाऱ्याची व्यवस्था १७९५ साली झाली, ती जोनाथन डंकनच्या काळात. ती बसविली गेली ती मुख्यतः मैदानी शेतीच्या मुलखासाठी. कैमूरच्या दक्षिणेचा भाग निराळा आहे हे राज्यकर्त्यांना लवकरच उमगले. १८७४ च्या अनुसूचित जिल्हा अधिनियमात मिर्झापूर जिल्ह्याचा हा दक्षिण भाग समाविष्ट झाला, म्हणजे तेथे सर्वसाधारण कायदे जसेच्या तसे लागू नयेत अशी तजवीज झाली. १९३५ च्या कायद्याखाली त्याची गणना 'अंशतः वगळलेल्या' क्षेत्रांत झाली. या व्यवस्थेमागे परोपकारापेक्षा राज्य सोयीने चालविण्याचा हेतू अधिक होता, हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. हा मुलूख वेगळा आहे, एवढे तरी ती ओळखत होती. मिर्झापुरात जिल्हाधिकारी राहिलेल्या विल्यम क्रूक यांनी १८९६ मध्ये जमातींवरील आपला बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात येथील कोल, खरवार, चेरो, अगरिया यांची विस्तृत माहिती आहे. म्हणजे सरकारला ही माणसे ठाऊक नव्हती, असे म्हणता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा धागा तुटला. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत उत्तर प्रदेशातील कोणताही प्रदेश आला नाही. १९६७ साली राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत थारू, भोटिया, बुक्सा, जौनसारी आणि राजी अशा पाचच जमाती होत्या. कैमूरच्या दक्षिणेचे गोंड, खरवार, बैगा हे शेजारच्या मध्य प्रदेशात अनुसूचित जमाती आणि उत्तर प्रदेशाची सीमा ओलांडताच तसे नाहीत, अशी विचित्र स्थिती झाली. दरम्यान जमीनदारी गेली, जंगले राज्याकडे आली आणि भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली अधिसूचना निघू लागल्या. रिहंदचे धरण झाले, गोविंद वल्लभ पंत सागर हा अफाट जलाशय उभा राहिला आणि त्याच्या पाण्याखाली गावे गेली. मग कोळसा आणि औष्णिक वीज आली. काशीच्या घाटावर आज संध्याकाळी जे दिवे उजळतात त्यांच्यामागे उत्तरेच्या वीजजाळ्याला शोणेपलीकडून मिळणारी हीच वीज आहे. पूर्वी दगड नदीवाटे गेला, आता वीज तारांवाटे जाते. दिशा तीच आहे.

वन अधिनियमाचे कलम ४ म्हणजे शासनाचा केवळ इरादा. अमुक क्षेत्र आरक्षित वन करावयाचे आहे, असे जाहीर होते. त्यानंतर वन बंदोबस्त अधिकारी हक्कदावे मागवितो, चौकशी करतो आणि शेवटी कलम २० खाली अंतिम घोषणा होते. इराद्यापासून अंतिम घोषणेपर्यंतचा काळ लांबला की माणूस अधांतरी राहतो. नवे हक्क निर्माण होत नाहीत, जुने सिद्ध होत नाहीत. १९८० च्या दशकात बनवासी सेवा आश्रम या संस्थेचे एक पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले, ते नेमके याविषयी होते. प्रकरण दुद्धी आणि रॉबर्ट्सगंज तहसिलींचे. न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांनुसार ५८,९३७ एकरांची अंतिम घोषणा झाली होती आणि ७,८९,०८६ एकर कलम ४ खाली, म्हणजे इराद्यावर, लटकत होते. हे क्षेत्र सुमारे ३,१९० चौरस किलोमीटर भरते. बृहन्मुंबईचे क्षेत्रफळ ६०३ चौरस किलोमीटर धरले तर पाच मुंबया त्यात मावून जागा उरेल. २० नोव्हेंबर १९८६ च्या निकालाने दाव्यांची चौकशी न्यायिक अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली करण्याची व्यवस्था लावली. कैमूर रांगेच्या दक्षिणेकडील ४३३ गावांचा हा प्रश्न होता. मारकुंडीच्या कड्यावरून जे निळसर रान आपण डोळे भरून पाहतो, त्याच्या पोटात ही गावे आहेत.

पुढे २००३ मध्ये सोनभद्रातील गोंड, खरवार, चेरो, बैगा, पनिका, अगरिया, भुइया आदींना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. कोलांचे नाव त्या यादीत आले नाही. हा निव्वळ यादीचा प्रश्न वाटेल. तो तसा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखविला की पुरे. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. म्हणजे पुरावा १९३० पर्यंत मागे न्यावा लागतो. ज्यांच्या नोंदीच झाल्या नाहीत, त्यांच्याकडे आपण पाऊण शतकाचा कागद मागतो. एकाच कड्याखाली, एकाच ओढ्याचे पाणी पिणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी गोंडाला एक नियम आणि कोलाला दुसरा.

कागदाचे सामर्थ्य किती भयंकर असू शकते, हे १७ जुलै २०१९ रोजी याच जिल्ह्यातील उंभा गावी दिसले. पिढ्यान्‌पिढ्या गोंड कुटुंबे कसत असलेली जमीन १९५५ साली एका सहकारी संस्थेच्या नावे चढली होती. पुढे ती व्यक्तींच्या नावे झाली आणि मग विकली गेली. तिचा ताबा घेण्यासाठी आलेल्यांनी केलेल्या गोळीबारात दहा आदिवासी ठार झाले. चौसष्ट वर्षांपूर्वीची एक फेरफार नोंद आणि दहा प्रेते, यांच्यामध्ये किती कचेऱ्या, किती सह्या आणि किती 'पाहून नोंद घेतली' असे शेरे असतील याचा विचार प्रत्येक महसुली अधिकाऱ्याने करावा.

यावर कोणी म्हणेल, मग आरक्षण नकोच होते काय? तसे नाही. वनखात्याची बंधने नसती तर दगड, कोळसा आणि लाकूड यांच्या बाजाराने ही रांग केव्हाच बोडकी केली असती. कैमूर अभयारण्याचे सुमारे ५०० चौरस किलोमीटर क्षेत्र १९८२ पासून संरक्षित आहे, हे आपले भाग्य. दोष संरक्षणात नाही, अपुऱ्या बंदोबस्तात आहे. 'बंदोबस्त' या शब्दाचा मूळ प्रशासकीय अर्थ हक्क आणि कर्तव्ये ठरवून नोंदणे असा आहे. आपण त्याचा अर्थ पोलीस पहारा इतकाच ठेवला.

उपाय कायद्यातच आहे. वनहक्क नियमांच्या तेराव्या नियमात पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात कागदांच्या बरोबरीने गावातील वृद्धांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन येते. विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, बांध, घरांचे अवशेष ही भूमीवरची चिन्हेही येतात. मारकुंडीच्या कड्यावर त्या वृद्ध गृहस्थांनी मला बोटाने दाखविले ते नेमके हेच. कायद्याने त्यांच्या स्मृतीला पुराव्याचा दर्जा दिला आहे. आता कोणीतरी कागद-लेखणी घेऊन त्यांच्या शेजारी बसावयास हवे, आणि तेही लवकर, कारण १९३० च्या आधीचे आजोबांकडून ऐकलेली पिढी फार काळ राहणार नाही. याला मोठा निधी लागत नाही. चार तलाठी दर्जाचे कर्मचारी, एक मोजणीदार, आणि ऐकून घेण्याची तयारी असलेला एक अधिकारी पुरे.

वाचकहो, बायजाबाईंच्या घाटाला आपल्या अस्तित्वाचा पुरावा कोणाला द्यावा लागत नाही. खचला तरी तो उभा आहे, त्याचे वर्ष सांगता येते, बांधणाऱ्याचे नाव सांगता येते. ज्या डोंगरांनी त्याच्यासारख्या घाटांना दगड दिला तेथील माणसांना मात्र आपण येथे होतो, हे सिद्ध करीत बसावे लागते. पुढच्या खेपेस काशीस जाल तेव्हा शिंदे घाटाच्या पायरीवर जरूर टेका. मग एक दिवस राखून दक्षिणेस जा, कड्यावर उभे राहा, दृश्य मनसोक्त पाहा. आणि शेजारी कोणी वृद्ध बसले असतील तर त्या डोंगरांची नावे त्यांना विचारा. ऋण फेडले असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. कोणाचे ऋण आहे, एवढे ठाऊक असले तरी पुष्कळ झाले.